काकांची आडवी रेघ

आमच्या शेजारच्या सबनीस काकांच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या आहेत: ‘तूर_डाळ’, ‘जाडे_पोहे’. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा दिसली की काका तिथे आडवी रेघ ओढतात. भाच्याच्या लग्नपत्रिकेवरही ओढली होती, तीसुद्धा व्याह्यांसमोर!

काका फॅक्टरीतून रिटायर झाले आणि कॉम्प्युटर शिकले. शिकले कसले, वेडच लागलं. फायलींची रोज दुसरी प्रत व्हावी म्हणून स्वतः स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची यादी. तेव्हापासून आमच्या अख्ख्या गोरखपूर मोहल्ल्यात त्यांना साधा फोटो पाठवायची सोय राहिली नाही. मी ‘होली का फोटो’ ईमेल केला, तर पाच मिनिटांत फाटकाशी हजर.

“नावात जागा काहून सोडतेस? स्क्रिप्ट एका नावाचे तीन तुकडे करते नं! चलो, बदल.”

मी मुकाट्याने बदललं. काकांशी वाद घालण्यापेक्षा बडा फुहाऱ्याच्या भर बाजारात स्कूटर लावायला जागा शोधणं सोपं.

गेल्या महिन्यात त्यांनी मला घाईघाईने बोलावलं. कॉम्प्युटरची डिस्क करकर वाजत होती, केव्हाही बंद पडेल अशी. तीत काकूंच्या भजनांची रेकॉर्डिंग होती, दुसरीकडे कुठेच नव्हती. काकू जाऊन दोन वर्षं झाली, पण ते फोल्डर उघडायचा धीर काकांना झाला नव्हता, म्हणून रोजच्या स्क्रिप्टमध्येही ते घातलेलं नव्हतं. फायलींना नावं काकूंनीच दिलेली. एकीचं नाव, ‘मध्ये खोकला आला आहे’.

काकांनी त्या फोल्डरवर स्क्रिप्ट चालवली. पडद्यावर उत्तर आलं: ‘मध्ये’ ही फाइल सापडली नाही. ‘खोकला’ सापडली नाही. मला हसू फुटलं, पण काकांना घाम सुटला होता.

“काका, ओढा रेघा पटापट!”

“नाही. तिनं दिलेलं नाव आहे, राहू दे.”

त्यांनी स्क्रिप्ट उघडली आणि जिथे फायलीचं नाव येतं तिथे दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं टाकली, म्हणजे आतलं सगळं एकच नाव धरलं जातं. बस, एवढंच. सगळ्या फायली अख्ख्या नावांनिशी नव्या डिस्कवर गेल्या.

“अच्छा! म्हणजे हे तुम्हाला येत होतं? मग इतकी वर्षं आम्हाला काहून छळून राहिले होते?” मी चिडलेच.

“तुम्हाला सांगितलं की तुम्ही बदलता,” काका म्हणाले. “तिला आता कुठून विचारू?”

माझा राग कुठल्या कुठे गेला. काकांनी ती फाइल लावली. काकू गायला लागल्या, आणि दुसऱ्या कडव्यात त्यांना ठसका लागला.

“पाणी घे गं,” काका म्हणाले, आणि खरंच उठून उभे राहिले.