हैबतराव सांबर गाडी बघायला जातात

एका जंगलात, मुलांनो, कुठलीही गोष्ट बघितल्याशिवाय घ्यायची नाही अशी फार चांगली पद्धत होती. मुलगी बघून करायचे, बिळाची जागा बघून घ्यायचे. बघायला जाताना घरातली मोठी जनावरं सोबत न्यायची, समोरच्याने पोहे करायचे, आणि पोहे खाऊन झाले की 'घरी जाऊन कळवतो' म्हणायचं. हे सगळं इतकं शिस्तीत चालायचं, की नेमकं बघायचं काय हे विचारायची वेळ कधी कुणावर आली नव्हती.

आता तुम्ही विचाराल, जंगलात पोहे कुठून आले? गोष्ट ऐकायची असेल तर असले प्रश्न विचारू नका. या जंगलात प्रश्न विचारणाऱ्यांना वळण नसतं असं समजतात.

तर या जंगलात हैबतराव नावाचे एक सांबर राहत होते. शिंगं डौलदार, नाव भारदस्त आणि दोन्ही पुढचे गुडघे पार गेलेले. उतारावर ते पायाला विचारून पाऊल टाकायचे. आणि या जंगलात वाघही होता. वाघाचा आणि गुडघ्यांचा संबंध मी तुम्हाला फोड करून सांगत बसत नाही. उन्हाळ्यात पाणवठ्यावरून पळताना जो मागे राहतो तो घरी परत येत नाही, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

आजवर हैबतराव वाचले होते ते करवंदीच्या जाळीमुळे. जाळी त्यांच्या आजोबांपासूनची. आत शिरलं की चारी बाजूंनी काटे. वाघाने एकदा तिच्यात नाक खुपसून बघितलं होतं आणि नंतर बरेच दिवस तो कुणाशी बोलला नव्हता. हैबतरावांची बायको सगुणाबाई त्या जाळीत सुखी होती. हैबतराव मात्र कंटाळले होते. जाळीत जीव वाचतो हे खरं, पण जाळीत बसलेल्याची शिंगं कुणाला दिसत नाहीत.

अशात बातमी आली की रंगराव रानडुकरांकडे एक गाडी द्यायची आहे. वापरलेली होती, पण लाल होती. दोन सीटांची स्पोर्ट्स गाडी, आणि मुख्य म्हणजे उघड्या टपाची. हैबतरावांना जन्मात कधी गाडीत बसता आलं नव्हतं, कारण शिंगं छपराला अडायची. हिला छप्परच नव्हतं. हिच्यात बसलं की गुडघ्यांची कटकट मिटली आणि वाघाचीही. बदल्यात रंगरावांना करवंदीची जाळी हवी होती, कारण त्यांचं पोराबाळांचं खटलं वाढत चाललं होतं.

सगुणाबाई म्हणाली, गाडी घ्यायची तर घ्या, पण नीट बघून घ्या, जाळी एकदा गेली की गेली. हैबतराव म्हणाले, नीट म्हणजे काय, आबांनाच घेऊन जातो, तूही चल.

आबा म्हणजे आबा गवा. जंगलातली निम्मी लग्नं त्यांनी जमवली होती आणि उरलेली मोडली होती. सोबत साळूमावशी निघाली. कोण कुणाचा कोण लागतो हे या साळिंदराला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. गाडीत या दोघांपैकी कुणीही कधी बसलं नव्हतं. त्यामुळे त्यांची मतं अगदी ठाम होती.

रंगरावांच्या अंगणात सडा टाकलेला होता. गाडी जांभळीच्या सावलीत पुसून उभी केली होती. आबांनी तिच्याकडे थेट बघितलं नाही. पहिल्याच भेटीत टक लावून बघणं बरं दिसत नाही.

आधी त्यांनी घराणं विचारलं. रंगराव म्हणाले, गाडी मूळची शहरातली, एका मोठ्या पाहुण्याची. पाहुणा जंगल बघायला गाडीतून आला आणि जाताना चालत गेला. तो चालत का गेला, हे कुणी विचारलं नाही. आबा म्हणाले, मोठ्यांच्या लहरी मोठ्या असतात, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग मावशीने गाडीच्या नंबराच्या आकड्यांची बेरीज केली. बेरीज शुभ आली. रंगही चांगला होता, सांबराच्या तपकिरी रंगाला उठून दिसणारा. गाडीखाली काळ्या तेलाचं थारोळं साचलेलं आबांना दिसलं. या घरात तेलातुपाची ददात दिसत नाही, असं ते समाधानाने म्हणाले. पुढचं डावं चाक पार बसलं होतं आणि गाडी त्या बाजूला झुकली होती. मावशीला त्यात नम्रपणा दिसला.

मावशीने सीटवरूनही पंजा फिरवला. कातडं अस्सल आहे, हात लावला की घरचंच कुणी भेटल्यासारखं वाटतं, असं ती म्हणाली. रंगरावांनी अभिमानाने सांगितलं, सांबराचंच आहे, शहरात सांबराला फार मान. हे ऐकून हैबतरावांची छाती फुगली. आपल्या जातीची कुठेतरी कदर होते याचं त्यांना फार बरं वाटलं. सगुणाबाई मात्र गाडीपासून जरा लांब जाऊन बसली.

एवढ्यात पोहे आले. वर खोबरं, कोथिंबीर आणि लिंबाची फोड. खाता खाता मावशीने शोध लावला की रंगरावांचे मामा तिच्या चुलतसासऱ्यांच्या बिळाशेजारी राहायचे. झालं. आता रंगराव परके राहिले नाहीत. आपल्याच माणसाची गाडी खाली वाकून बघायची म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला लबाड म्हणण्यासारखं झालं.

तेव्हा सगुणाबाई हळूच म्हणाली, "अहो, ती जरा चालू करून बघा की."

आबांचा घास तोंडातच राहिला. मावशीचे काटे उभे राहिले.

"सूनबाई," आबा म्हणाले, "चांगल्या कामात असं बोलू नये."

"वाईट काय बोलले? गाडी चालते का, एवढंच तर विचारतेय."

"अगं, पोहे खाल्लेत आपण त्यांचे," आबा खालच्या आवाजात म्हणाले.

मुलांनो, इथे मला राग येतो. याच आबांनी आजवर भल्याभल्या घरच्या हरणींना 'जरा चालून दाखव' म्हटलेलं आहे. एकीला तर त्यांनी चढावरून दोनदा चालायला लावलं आणि नंतर चाल आवडली नाही म्हणून कळवलं. गाडीला तेच सांगताना मात्र त्यांची जीभ टाळ्याला चिकटली.

रंगराव बिचारे सज्जन होते. किल्ली घरात आहे, हवी तर आणतो, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. त्या दिवशी ते एक अक्षरही खोटं बोलले नाहीत. तशी वेळच त्यांच्यावर कुणी आणली नाही.

हैबतरावांनी बायकोकडे बघितलं. मग आबांकडे बघितलं. किल्ली मागावी असं त्यांच्या मनात फार आलं. जीव त्यांचा होता, गुडघे त्यांचे होते, जाळी त्यांची होती. पण समोर रिकाम्या बश्या होत्या आणि आबांची भुवई वर चढली होती.

"असू द्या रंगराव," ते म्हणाले, "आमचा विश्वास आहे."

घरी जाऊन कळवायचीही गरज उरली नाही. तिथेच नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि करवंदीची जाळी रंगरावांची झाली. गाडी न्यायला सगळे वाजतगाजत गेले. वरातीत घाई करायची नसते, म्हणून ती सगळ्यांनी मिळून ढकलत आणली. पुढे जाळीच राहिली नव्हती, तेव्हा गाडी उघड्या माळावर उभी केली. चाकांखाली लिंबं ठेवली. ती शेवटपर्यंत चिरडली गेली नाहीत.

खरं सांगतो, पुढचे काही दिवस हैबतरावांच्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते. ते गाडीत बसून राहायचे. शिंगांना वारा लागायचा. येणारी जाणारी जनावरं थांबून नमस्कार करायची आणि 'काढा की एक चक्कर' म्हणायची. उगाच तेल जाळायचं नाही, वेळ आली की बघा, असं हैबतराव म्हणायचे.

वेळ एका संध्याकाळी आली. आबा आणि मावशी गाडीला टेकून गप्पा मारत होते, आणि माळाच्या टोकाला वाघ दिसला.

आबा पळाले. या वयात फार छान पळाले. मावशी त्यांच्या पुढे होती. हैबतराव मात्र हसले. इतकी वर्षं वाघ दिसला की ते लंगडत जाळी गाठायचे, आज पहिल्यांदा बसून राहिले. त्यांनी किल्ली फिरवली. आतून 'टक' असा आवाज आला. त्यांनी पुन्हा फिरवली. या वेळी तोही आला नाही.

सगुणाबाईने डोकं लावून गाडी मागून ढकलली. बसलेलं चाक मातीत रुतलं आणि गाडी जागची हलली नाही. तरी ती ढकलत राहिली. हैबतरावांना तेव्हा फार वाईट वाटलं, स्वतःसाठी नाही, तिच्यासाठी.

"तू जा सगुणा," ते म्हणाले. "तुझे पाय चांगले आहेत."

ती जाईना. तेव्हा ते तिच्यावर ओरडले. उभ्या संसारात ते तिच्यावर पहिल्यांदा ओरडले, आणि ती गेली.

आता वाघाचं बघा. वाघाला हैबतरावांचं घराणं ठाऊक नव्हतं. त्याला पोहे नको होते. कुणाचा मामा कुणाच्या शेजारी राहायचा, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. तो आधी लांबच थांबला. मग गाडीभोवती एक मोठी फेरी मारली. शिंगांचा आवाका बघितला, बरगड्या बघितल्या. पुढून बघितलं, मागून बघितलं, खाली वाकून पाय बघितले. घाई अजिबात केली नाही. हैबतराव गाडीतून कसे उतरतात, याची त्याने शांतपणे वाट बघितली. त्यांनी पाय खाली टेकला आणि गुडघा लचकला. वाघाने तो गुडघा बघितला, आणि खात्री करून घ्यायला दुसराही बघितला.

मग त्याने हैबतरावांना घेतलं.

दुःखाच्या घरी जायचं असतं म्हणून आबा आणि मावशी सगुणाबाईला भेटायला आले. ती एका झुडपाच्या आडोशाला बसली होती. जाळी परत मागायला ती रंगरावांकडे जाऊन आली होती. त्यांनी तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, तुम्ही तर मोठी माणसं आणून बघून घेतली होती. यात त्यांचंही चुकलं असं म्हणता येत नाही.

आबांनी डोळे पुसले आणि घसा खाकरला. गाडी लाखात एक होती, असं त्यांनी सांगितलं. पण चांगल्या कामात घरच्याच बाईने शंका काढली, तिथेच नाट लागली. मावशी म्हणाली, मला तेव्हाच वाटलं होतं, पण बोलले नाही.

सगुणाबाईने सगळं ऐकून घेतलं.

"आबा," ती म्हणाली, "वाघ तुम्हाला बघायला येईल ना, त्या दिवशी पोहे मी करीन."

आबा तडक उठून गेले. हल्लीच्या सुनांना वळण राहिलं नाही, हे ते वाटेत भेटेल त्या प्रत्येकाला सांगत होते. प्रत्येकाला ते पटत होतं.

तात्पर्य : वापरलेली गाडी घेताना ती चालते का, हे कधीही विचारू नये, जीव गेला तरी चालेल, पण चार लोकांत शोभा होता कामा नये. घ्यायची ती गोष्ट भोवती फिरून, खाली वाकून, चालताना बघून घेणं हे वाघासारख्या रानटी जनावराचं लक्षण आहे. म्हणूनच त्याला कुणी पोह्यांना बोलवत नाही, आणि म्हणूनच तो उपाशीही राहत नाही.