शून्यावर ठाम

चौसाळ्यात महामार्गाला लागून असलेल्या बंकटराव कॉम्प्लेक्सची ऊर्जा तपासणी ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी आणि वीज नसताना पार पडली.

कॉम्प्लेक्सला वीज पुरवणारी डीपी आठवड्यापूर्वीच जळाली होती. रोहिणीच्या दुकानातली कुल्फी तोवर बासुंदी होऊन पुढे नासूनही गेली होती. म्हणून तपासणीचे साहेब मीटरला यंत्र लावू लागले तेव्हा तिला हायसं वाटलं. आता वर लिहून जाईल, नवी डीपी येईल, निदान अर्धा उन्हाळा तरी हाती लागेल.

"साहेब, डीपी जळालीय. ईजच न्हाई, तर मोजता कावून?"

"ताई, आम्ही वापर मोजतो. वीज आहे की नाही, तो विषय आमच्या कक्षेत येत नाही."

"मग ईज न्हाई एवढं तरी लिहा."

"तसा रकाना नाही." साहेबांनी यंत्राकडे कौतुकानं पाहिलं. ते शून्यावर ठाम होतं. "इतका अचूक आकडा उभ्या नोकरीत मिळाला नव्हता."

"रोहिणी, गप बस जरा," मालक बंकटराव म्हणाले. "लई चांगलं निघालंय."

अहवालात कॉम्प्लेक्स जिल्ह्यात पहिलं आलं. घामानं निथळणारी गिऱ्हाइकं 'तापमानाशी जुळवून घेतलेले वापरकर्ते' ठरली. फ्रीजरची नोंद 'कपाट' अशी झाली.

रोहिणी वीज कार्यालयात गेली. तिथल्या बाबूंनी अहवाल वाचून हात जोडले. "तुमची गरजच शून्य हाय. डीपी गरजवंताला द्यावी लागती."

गरज दाखवायला तिनं उसन्या जनरेटरवर एक बल्ब लावला. दुसऱ्या दिवशी साहेब दारात.

"वाढ किती टक्के, ते काढताच येत नाही. शून्यानं भागता येत नाही. म्हणजे ही अमर्याद उधळपट्टी झाली."

बंकटरावांनी स्वतः बल्ब काढला. पहिल्या नंबराचा सत्कार तोंडावर होता. तो बीडला, गारेगार एसी हॉलमध्ये झाला. मिळालेल्या सन्मानचिन्हात दिवा आहे. तो रोज चार्ज करावा लागतो. रोहिणीनं ते कपाटात, म्हणजे फ्रीजरमध्ये ठेवलंय.

परवा ती पुन्हा बाबूंकडे गेली.

"आता तर मुळीच न्हाई, ताई. जिल्ह्याची सरासरी तुमच्याच शून्यावर टिकलीय. बाकीची मंडळी वापर कमी करतील, तेव्हा बघू."

"कोण मंडळी?"

बाबूंनी खिडकीबाहेर, साऱ्या जगाकडे बोट केलं.

वाचता वाचता जरा वर बघा. फिरतोय ना पंखा?