गाठी मारलेला दोर

उत्तमराव जेवायला बसले होते. पिठल्यात बुडवलेला भाकरीचा तुकडा तोंडाशी गेला होता, तेवढ्यात मल्हारी धनगर दारात येऊन म्हणाला, "मालक, शाळेची लेकरं तुमचं वावर मोजून राहिली."

तुकडा ताटात परत आला.

"मोजून राहिली म्हंजे?"

"दोर घेऊन. गाठी मारलेला दोर हाय. एक जण टोक धरून उभं राहतंय, दुसरं पळत जातंय, अन् मास्तर म्हणून राहिले, ताणा, ताणा."

मल्हारीच्या मनात काही वाईट नव्हते. दिवसभर मेंढरांमागे हिंडणाऱ्या माणसाला काही वेगळे दिसले की ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय करमत नाही, एवढेच. सांगून तो निघून गेला. उत्तमरावांचा घास मात्र अडला तो अडलाच.

दिवस लढाईचे होते. लढाई चालली होती तिकडे कुठे विलायतेत, पण निजाम सरकारला ज्वारी खैरवाडीतून हवी होती. त्याला लेव्ही म्हणत. जितके वावर मोठे, तितकी पोती सरकारात जास्त घालायची. त्यामुळे गावाची भाषाच बदलली होती. पूर्वी सोयरीक जुळवताना जो माणूस आपले वावर शेजारच्या साखरे गावाच्या शिवेला नेऊन भिडवायचा, तोच आता 'आमचं काय, एक गोणपाट टाकलं की वावर झाकलं' असे म्हणू लागला होता. अशा दिवसांत कुणी दोर घेऊन शेतात उतरला तर त्याचा हेतू चांगला असेल, असे मानणारा माणूस गावात औषधालाही सापडला नसता.

त्यात दोर धरणारे होते व्यंकटराव मास्तर. हा माणूस पैनगंगेपलीकडून, वऱ्हाडातून आलेला. म्हणजे इंग्रजाच्या मुलखातला. तिकडे चांगले घरदार सोडून कुणी इकडे शिकवायला कशाला येईल, हा प्रश्न गावाने पहिल्या दिवशीच स्वतःला विचारला होता आणि त्याचे बरे उत्तर मिळाले नव्हते. मास्तरांनी तालुक्याला खेटे घालून खानगी, म्हणजे खासगी, शाळेची परवानगी आणली आणि उत्तमरावांच्या रिकाम्या गोठ्यात शाळा मांडली. पण ते मुलांना धड पाढे पाठ करायला लावीत नसत. हाताने केल्याशिवाय डोक्यात जात नाही, असे त्यांचे म्हणणे. मुलांनी चिखलाचे डोंगर केले, त्यांतून नद्या वाहवल्या. काठी रोवून सावलीवरून दुपार ओळखली. घरची डाळ आणून वजने केली आणि ती डाळ परत घरी गेली नाही. लेकरू चिखलात माखून येणार असेल तर ते शाळेत कशाला घालायचे, चिखल घरीही आहे, असे गावाचे मत होते.

मास्तरांची स्वतःची विवंचना वेगळी होती. गोठा उन्हाळ्यापुरता मोकळा होता. मृग लागला की बैल आत येणार आणि शाळा बाहेर. एखादी छपरी टाकायला आणि मुलांकडून चार वाफे करून घ्यायला त्यांना जमिनीचा तुकडा हवा होता. तो त्यांनी उत्तमरावांकडे मागितला. उत्तमराव म्हणाले, जमीन म्हणजे काय आंब्याची फोड आहे, कापून हातावर ठेवायला? मग त्यांचे चुलतभाऊ माणिकराव यांच्याकडे मागितला. माणिकराव म्हणाले, दादांनी दिली तर मी देतो. मृगापर्यंत जागा झाली नाही तर शाळा बंद, हे मास्तरांना कळून चुकले होते. तरी ते रोज मुलांना घेऊन काहीतरी नवे काढत होते, आणि आता त्यांनी दोर काढला होता.

उत्तमरावांना लेव्हीचे भय होतेच, पण खरे दुखणे त्याच्याही खाली होते. त्यांचे आणि माणिकरावांचे वावर एकमेकांना लागून होते. दोन वावरांमधल्या बांधाला इकडे धुरा म्हणतात. धुरा कोरणे हे शेतकऱ्याच्या हाताचे काम, त्यात मनाचा दोष नाही, असे उत्तमराव मानत. धुऱ्याशी नांगर वळवताना हात जरासा पलीकडे झुकतो आणि शेजाऱ्याच्या वावरातले एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, आपल्याकडे येते. एका रेघेने कुणाचे घर बुडत नाही. पण दरसाल एक रेघ म्हटले तर बापाच्या काळापासून बऱ्याच रेघा झाल्या होत्या. वरच्या अंगाला उत्तमराव कोरत, खालच्या अंगाला माणिकराव कोरत, आणि दोघांनाही दुसऱ्याचे कोरणे तेवढे दिसे. मंजुळाबाई उत्तमरावांशी लग्न होऊन आल्या तेव्हा धुऱ्यावर असलेली बोर आता उत्तमरावांच्या वावरात चांगली आत उभी होती.

"त्या बोरीचं काय सांगसाल मास्तरला?" मंजुळाबाईंनी ताट उचलता उचलता विचारले.

"बोरीचं काय सांगायचं?"

"चालत आली म्हणा."

उत्तमरावांनी मुंडासे गुंडाळले आणि ते तडक शाळेत गेले. मास्तर दोराला पाणी लावून गाठी घट्ट करत बसले होते. उत्तमरावांनी आधी पाऊसपाण्याची चौकशी केली, मग मास्तरांच्या तब्येतीची केली आणि मग सहज विचारल्यासारखे विचारले.

"मास्तर, वावर काहून मोजून राहिलात?"

"मुलांना क्षेत्रफळ शिकवतोय," मास्तर म्हणाले.

 इतके सोपे उत्तर खरे असूच शकत नव्हते.

"बस? एवढंच?"

"एवढंच. आज नुसता अंदाज घेतला. बाजार झाला की सगळ्या वावरांची नीट मोजणी करू आणि गावाचा नकाशा मातीत काढू. तुमच्या वावराचा आकार तर फार गमतीचा आहे, उत्तमराव. मुलांना त्यातून खूप शिकता येईल."

 आपल्या वावरातून लेकरांनी काय शिकावे, याची उत्तमरावांना चांगली कल्पना होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळे गाव सावलीला लवंडलेले असताना, उत्तमराव पहार घेऊन वावरात गेले. वरच्या अंगाला त्यांनी बोरीच्याही आत, आपल्याच रानात, दगडांचा नवा धुरा रचला. जुन्या हद्दीपेक्षा दोन हात मागेच रचला, म्हणजे बोट दाखवायला जागा नको. कुणी विचारले तर दगड वेचत होतो म्हणायचे. घाम पुसून ते घरी आले आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

पण हे समाधान फार टिकले नाही. सकाळी ते पुन्हा वावरात गेले तर खालच्या अंगाला माणिकरावांचा धुरा मागे सरकलेला. रचलेले दगड अजून मातीने ओले होते. उत्तमराव त्या दगडांजवळ उकिडवे बसले. ज्या माणसाने उभ्या जन्मात शेजाऱ्याला उसनी दावण दिली नाही, तो माणूस जमीन सोडतो? त्याला काहीतरी कळले असणार. लेव्ही वाढणार असेल, किंवा ज्याच्याकडे जास्त निघेल त्याला आत टाकणार असतील. मास्तर आणि माणिक यांचे आतून काही जुळलेले असेल. उत्तमरावांनी त्या दुपारी धुऱ्याची सगळी लांबी आणखी मागे घेतली.

इकडे माणिकरावांनी ते पाहिले. मोठ्या भावाची बुद्धी त्यांना ठाऊक होती. फायदा असल्याशिवाय दादा धुऱ्यावरचे गवतही सोडायचे नाहीत. म्हणून त्यांनीही धुरा मागे घेतला. मग पुन्हा उत्तमरावांनी घेतला. पिढ्यानपिढ्या दोन घरे एकमेकांच्या अंगावर चालून येत होती, ती आता एकमेकांना भिऊन मागे सरत होती. मधे एक ऐसपैस पट्टी मोकळी पडली. बोरीच्या सावलीला मल्हारीची मेंढरे येऊन बसू लागली, कारण तिथून त्यांना कुणीच हाकलत नव्हते.

शेवटी उत्तमरावांना राहवेना. गव्हाचा भाव बघायच्या निमित्ताने ते हिंगोलीला गेले आणि तहसील कचेरीतल्या एका कारकुनाला गाठून, आपल्या नव्हे तर दुसऱ्याच एका गावच्या, दुसऱ्याच एका माणसाच्या वतीने त्यांनी विचारले की सरकारी मोजणी निघाली आहे काय. कारकून म्हणाला, अशी काही मोजणी नाही. एवढ्यावर उत्तमरावांनी घरी यायचे होते. पण त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी पुन्हा विचारले, मग तिसऱ्यांदा विचारले. तेव्हा कारकुनाने टाक खाली ठेवला आणि त्यांना नाव, गाव विचारून घेतले. ज्याचे पोट दुखत नाही तो ओवा कशाला मागेल, असा त्याने विचार केला असावा.

मास्तरांच्या मोजणीच्या दिवशी खैरवाडीत दोन पाहुणे एकदम आले. एक गिरदावर, म्हणजे जमीन-महसुलाचे अंमलदार, आणि दुसरे त्यांचे घोडे. गावाला जे कळायचे ते कळले. मास्तर हेर होते आणि त्यांनी मागून सरकार बोलावले, यात आता कुणाला शंका राहिली नाही. मास्तर बिचारे दोराचे एक टोक हातात घेऊन तसेच उभे राहिले. मोजणीच्या निमित्ताने सरकार आले म्हणजे आता परवानगी जाणार आणि शाळा मृगाचीही वाट बघणार नाही, असे त्यांना वाटले आणि त्यांचा चेहरा उतरला.

गिरदावरांनी कागद काढला, उत्तमरावांचे आणि माणिकरावांचे वावर पाहिले, आणि मधल्या पट्टीवर येऊन घोडे थांबवले.

"ये पट्टी किसकी है?"

"माझी न्हाई, सरकार," उत्तमराव म्हणाले. "माणिकची असंल."

"मव्हा काय संबंध," माणिकराव म्हणाले. "दादांची वडिलोपार्जित हाय."

"बोरीची शपथ, माझी न्हाई."

गिरदावरांची सारी नोकरी धुऱ्याच्या भांडणांत गेली होती. एकेका बोटभर जमिनीसाठी फुटलेली डोकी त्यांनी पाहिली होती. पण दोन सख्खे चुलतभाऊ एवढी पट्टी एकमेकांच्या गळ्यात घालताहेत, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. त्यांनी मल्हारीला विचारले, तेरी है क्या? मल्हारी म्हणाला, माझी असती तर मेंढरांमागं कशाला फिरलो असतो.

गिरदावरांनी मिशीवरून हात फिरवला आणि त्यांच्या डोळ्यांत उजेड पडला. जी जमीन कुणाचीच नाही, तिच्या पोटात काहीतरी आहे. लेव्ही चुकवायला लोक जमिनीत पेव खणून ज्वारी पुरतात, हे त्यांना माहीत होते. आणि बघा, माती नुकतीच हलवलेली होती, दगड इकडचे तिकडे केलेले होते.

"पेव है इधर. खोदो."

"सरकार, पेव न्हाई," दोघे भाऊ एका सुरात म्हणाले. कित्येक वर्षांत ते पहिल्यांदा एका सुरात बोलले होते, त्यामुळे गिरदावरांचा संशय आणखी पक्का झाला.

मग उत्तमरावांनी एका टोकाने आणि माणिकरावांनी दुसऱ्या टोकाने खणायला सुरुवात केली. ऊन तापले. गिरदावर बोरीखाली बसून बोरीचा पाला मोडत राहिले. मुले धुऱ्यावर रांगेने बसून बघत होती आणि मास्तरांना गप्प बसवेना, म्हणून ते मुलांना मातीचा वरचा थर आणि खालचा थर दाखवू लागले. दिवस कलला तेव्हा दोघे भाऊ मधे समोरासमोर आले. पेव निघाले नव्हते. निघाले होते हरळीच्या मुळांचे ढीग, आणि पट्टी अशी भुसभुशीत झाली होती की पेरायचे तेवढे बाकी.

गिरदावर उठले. रिकाम्या हाताने परत जाणे त्यांना अवघड होते आणि कागदावरची जागा कोरी ठेवणे त्याहून अवघड. त्यांनी दोघांना शेवटचे विचारले. दोघांनी कानांना हात लावले.

तेव्हा मंजुळाबाई पुढे झाल्या. त्या पाण्याची घागर घेऊन आल्या होत्या.

"ह्यांची न्हाई, भाऊजींची न्हाई," त्या म्हणाल्या, "तर मास्तरला द्या की. लेकरं बसतील."

उत्तमरावांनी तोंड उघडले. मग त्यांना लेव्ही आठवली, बोर आठवली, आणि त्यांनी ते मिटले. माणिकरावांनी दादांकडे पाहिले. दादांनी दिली तर मी देतो, असे ते एकदा सगळ्यांदेखत बोलून बसले होते. गिरदावरांनी मास्तरांच्या परवानगीचा कागद उलटसुलट तपासला, त्यात काही खोट सापडली नाही याचे त्यांना वाईट वाटले, आणि त्यांनी पट्टीपुढे 'मदरसा', म्हणजे शाळा, असे लिहून घोड्याला टाच मारली. मास्तरांचे डोळे भरून आले होते. त्यांना काय झाले ते नीट समजले नव्हते, पण शाळा वाचली होती. त्यांनी दोन्ही भावांना वाकून नमस्कार केला आणि अशा दिलदार माणसांच्या गावात आलो हे आपले भाग्य, असे म्हणाले. दोघा भावांना हे बोलणे पहारीपेक्षा जड गेले.

पावसाळ्यात पट्टीवर छपरी उभी राहिली. मुलांनी वाफे केले, भेंडी लावली, मेथी लावली, आणि कडेने हळदही टोचली. मंजुळाबाई भाजी घ्यायला येत आणि छपरीच्या खांबाला टेकून मास्तरांचे शिकवणे ऐकत बसत.

पुढच्या उन्हाळ्यात उत्तमराव नांगर घेऊन वावरात उतरले. लढाई अजून चालली होती, पण गिरदावर पुन्हा आले नव्हते आणि मनातली धास्ती मावळली होती. नांगर शाळेच्या कडेला आला. बैल वळवताना उत्तमरावांचा हात, त्यात मनाचा काही दोष नाही, जरासा पलीकडे झुकला. फाळाने धुऱ्याचा एक दगड उलथला आणि भेंडीचे एक वाळके झाड आडवे झाले.

मंजुळाबाई भाकरी घेऊन बोरीखाली उभ्या होत्या. त्यांनी हाक मारली.

"आवं, नांगर शाळंत शिरून राहिला."

उत्तमरावांनी वर पाहिले. छपरीत मुले ओळीने उभी राहून बघत होती. मास्तरांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. पट्टी नांगरून द्यायला उत्तमराव स्वतः आले आहेत, अशी त्यांची समजूत झाली होती. त्यांनी मुलांना हात जोडायला सांगितले.

 उत्तमरावांनी बैलांना चुचकारले आणि शाळेची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी नांगरून दिली.