पगारे सरांचा सल्ला

महेंद्र पगारे संगमनेरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचा सहायक होता. मुलांनी चपला बाहेर काढल्यात की नाही ते बघायचं, माउसच्या पोटातली गोळी काढून पुसायची, संध्याकाळी पडद्यांवर कापडी खोळी चढवायच्या, ही त्याची कामं. कॉलेजात त्याला सगळे नुसतं 'पगारे' म्हणत. प्राचार्य म्हणत, शिपाई म्हणत, आणि पाठ वळली की मुलंही म्हणत.

नव्व्याण्णव सालच्या जानेवारीत लॅबमधल्या एका मशीनला इंटरनेट आलं. तास संपल्यावर पाच ते सहा ते सुरू ठेवायला महेंद्रला परवानगी होती, म्हणजे बिघडलं तर कळावं म्हणून. त्या तासात त्याला जगभरातल्या मराठी माणसांचा एक मेसेज बोर्ड सापडला. लोक तिथे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत आणि एकमेकांना काहीबाही विचारत. मस्कतच्या कुणाचा तरी मोडेम लागत नव्हता. महेंद्रने लिहिलं, 'आधी घरातला दुसरा फोन काढून ठेवा.' दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'लागला! धन्यवाद, सर.'

'सर' हा शब्द त्याने तीनदा वाचला.

मग तो रोज उत्तरं देऊ लागला. आधी फ्लॉपी आणि प्रिंटरबद्दल, मग प्लॉट घ्यावा की फ्लॅट, मुलीला सायन्सला घालावं की कॉमर्सला, सासऱ्यांशी अबोला असेल तर दिवाळीला जावं की नाही, सगळ्याबद्दल. शिपाई दाराशी किल्ल्या वाजवत उभा असायचा. महेंद्र म्हणायचा, "दोनच मिनिटं," आणि त्या दोन मिनिटांत कुणाचा तरी संसार मार्गी लावून द्यायचा.

घरी बायको, अश्विनी, एकदा म्हणाली, "अहो, पण त्या लोकांना तुम्ही ओळखता का?"

"ओळख कशाला लागते? डोकं लागतं."

"घरातल्या नळाचा वायसर बदलायला लागतं तेच का?"



फेब्रुवारीत कारभारी नावाच्या माणसाचा प्रश्न आला. तो राहुरीजवळच्या खेड्यातला, शिकून अमेरिकेत गेलेला. वडील वारले होते. आई, राहीबाई, गावी एकटीच. मी न्यायला येतोय, पण ती यायला तयार नाही, काय करू?

किल्ल्या वाजत होत्या. महेंद्रने लिहिलं, 'म्हातारी माणसं आधी नाहीच म्हणतात. विचारत बसू नका. पंधरा दिवस फिरून येऊ म्हणून सांगा. एकदा तिकडे आली की रमेल.' खाली चौदा जणांनी लिहिलं, 'सरांशी सहमत.' महेंद्रने मशीनवर खोळ चढवली आणि घरी जाऊन जेवला. मार्च उजाडेपर्यंत तो ही गोष्ट विसरूनही गेला होता.

जूनमध्ये कारभारीने पुन्हा लिहिलं. आईला आणून तीन महिने झाले. दोन लुगड्यांवर आली होती. पंधरा दिवस संपले तेव्हा तिने पिशवी भरली आणि दाराशी ठेवली. पिशवी अजून तिथेच आहे. आई दिवसभर काचेच्या दाराशी बसते, एक भाकरीही धड खात नाही, माझ्याशी बोलत नाही. सर, आता काय करू?

त्या दिवशी शिपायाच्या आधी त्याने स्वतःच मशीन बंद केलं. घरी आल्यावर त्याने अश्विनीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"तुमच्या आईला असं फसवून नेलं असतंत?"

"माझ्या आईनं केरसुणी घेतली असती हातात."

"मग त्यांच्या आईजवळ केरसुणी नव्हती म्हणून?"

पुढे महिनाभर महेंद्र गुळमुळीत काहीतरी लिहीत राहिला. हवापालट करा. देवाधर्माच्या कॅसेट लावा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मात्र कारभारीचा आनंदाने भरलेला मजकूर आला. आई बोलली! माझ्या तोंडून निघून गेलं की पंधरा दिवसांचं मला सरांनी सुचवलं होतं. तिने विचारलं, कुठले सर? मी म्हटलं, संगमनेरचे पगारे सर, कॉलेजात असतात. तेव्हा म्हणाली, मला त्यांना भेटायचंय. सर, तुम्हीच तिची समजूत घाला. काल विमानात बसवून दिलं. परतीचं तिकीट महिन्याने आहे.

महेंद्रने घाईघाईने लिहिलं की आपण रजेवर आहोत, बाहेरगावी आहोत, प्रकृतीही बरी नाही. पण म्हातारी तोवर समुद्र ओलांडून आली होती.

चौथ्या दिवशी शिपाई लॅबच्या दारात आला. "पगारे, प्राचार्यांनी बोलावलंय. एक आजी आल्यात. पगारे सर पाहिजेत म्हणतात."

प्राचार्यांच्या खोलीत राहीबाई खुर्चीच्या टोकावर ताठ बसल्या होत्या. हिरवं लुगडं, मांडीवर पिशवी.

"बाई, आमच्याकडे पगारे नावाचे कुणी सर नाहीत," प्राचार्य समजावत होते. "पगारे आहेत, पण ते लॅबचे सहायक. हे बघा, आलेच."

राहीबाईंनी महेंद्रला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "ह्यो? मला वाटलं, पिकल्या केसाचं कुनी आसंल."

"पगारे," प्राचार्य म्हणाले, "तुम्ही अमेरिकेत सल्ले देता? कॉलेजच्या फोनवरून?"

महेंद्रची मान खाली गेली. नोकरी जाणार हे त्याने मनाशी धरून टाकलं. त्याला एकाएकी अश्विनीची आठवण आली.

"पंधरा दिवसाचं तू सांगितलंस?" राहीबाईंनी विचारलं.

"हो."

"मला इचारलं हुतंस?"

"नाही, आजी."

"माजी गाय गाभन हुती. शेजारच्या बायडाबाईला म्हनलं, पंधरा दिवस बग, आलेच मी. पाच महिने झाले. गाय याली, कालवड झाली, आन् मी तिकडं काचंतनं मोटारी बगत बसले. रमते म्हनं." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर महेंद्रला बरं वाटलं असतं. "पोरगं वाईट न्हाई माजं. पन त्याला आईपरीस तुजं खरं वाटलं."

"चुकलं माझं, आजी."

"चुकलं तर नीट कर. मिशीन कुटं हाय?"

प्राचार्य काहीतरी बोलणार होते, पण राहीबाई उठून चालायला लागल्याही होत्या. तिघं लॅबमध्ये आले. दाराशी म्हातारीने आपणहून चपला काढल्या, ते पाहून प्राचार्यांनीही बूट काढले. महेंद्रने मशीन सुरू केलं. मोडेम किंचाळला, खरखरला, लागला.

"लिव्ह," राहीबाई म्हणाल्या. "आईला फसवून न्हेलं हे बरं केलं न्हाई. तो सल्ला माजा हुता आन् तो चुकला."

महेंद्रने लिहिलं.

"तिचा राग गेलाय. पन ती आता तिकडं याची न्हाई. तिला गाव हाय, गाय हाय, बोलायला बायडाबाई हाय. तुला आटवन आली की तू ये. पंधरा दिवस म्हनून ये आन् पंधरा दिवस ऱ्हा."

प्राचार्य महेंद्रच्या खांद्यावरून वाकून, चष्मा वर करून वाचत होते. शेवटी म्हणाले, "पगारे, 'राग'मध्ये एक ए वाढवा. 'रग' वाचलं जातंय."

महेंद्रने ए वाढवला. "आजी, खाली तुमचं नाव घालतो."

"माजं नगं. माजं त्यानं कवा आयकलंय? तुजंच घाल." मग प्राचार्यांकडे वळून त्या म्हणाल्या, "सायेब, ह्याला काडू बिडू नका. आजून काम हाय माजं ह्याच्याकडं. त्याचं उत्तर आलं की मला कोन वाचून दावनार?"

प्राचार्यांनी महेंद्रला काढलं नाही. त्यांनी चहा मागवला, आणि महेंद्रने त्यांच्या खोलीत पहिल्यांदाच बसून चहा घेतला.

कारभारीचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. 'सर, डोळे उघडले. दिवाळीत येतोय, न्यायला नाही, भेटायला. पण एक विचारू? माझ्या आईच्या मनातलं तुम्ही इतकं नेमकं कसं ओळखलंत? मला तर ती कधी असं बोलली नाही.' खाली सव्वीस जणांनी लिहिलं होतं की सरांनी आजवर दिलेल्या उत्तरांत हे सर्वांत थोर.

महेंद्रने ते कागदावर उतरवून राहीबाईंना पाठवलं. त्यानंतर त्याने ठरवलं होतं की मोडेम आणि प्रिंटर सोडून कशाबद्दल बोलायचं नाही. पण लोक विचारायचे थांबेनात. दुबईच्या एकाने लिहिलं, बायको माझ्या आईवडलांजवळ राहायला नाही म्हणते, काय करू? महेंद्र दोन दिवस अस्वस्थ राहिला, मग त्याने तो प्रश्न पोस्टकार्डावर लिहून राहीबाईंच्या पत्त्यावर टाकला. आठवड्याने उलट कार्ड आलं. राहीबाई सांगायच्या आणि शेजारची शुभांगी लिहायची. 'तिला का नको, ते इचारलं का? आधी इचार. मग मला कळव.' महेंद्रने ते इंग्रजी अक्षरांत टाकलं आणि खाली स्वतःचं नाव घातलं, कारण म्हातारीची अट तशी होती.

बोर्डावर चर्चा सुरू झाली की सर हल्ली फार कमी लिहितात, पण किती विचार करून लिहितात.

डिसेंबरात सगळीकडे एकच घबराट होती. दोन हजार साल लागताच जगातले कॉम्प्युटर बंद पडणार म्हणे. सिंगापूरहून, लंडनहून, पुण्याहून मोठमोठ्या इंजिनियरांनी विचारलं, सर, तुमचं मत काय? महेंद्रने मासिकांतून या विषयावर पुष्कळ वाचलं होतं. दोन पानं सहज लिहिली असती. त्याने कार्ड टाकलं.

उत्तर आलं, 'मला म्हाईत न्हाई. एक तारखेला बगू.'

त्याने ते जसंच्या तसं टाकलं. एकोणसाठ जणांनी सहमती दर्शवली, आणि लंडनच्या एका बँकेतल्या गृहस्थाने ते छापून आपल्या टेबलासमोर लावल्याचं कळवलं.