एक नंबरची खुर्ची

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी नऊ वाजता खंडेराव हेडक्लार्कांनी वाल्मीकला टेबलाशी बोलावलं आणि आपल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट टेकवून विचारलं, "हा पाच कशाचा?"

पंचवटीतल्या फूल उत्पादक संघात गेल्या दिवाळीला कॉम्प्युटर आले, तेव्हा त्यांना वायरींनी एकमेकांशी जोडणाऱ्या महेश इंजिनिअरने प्रत्येक यंत्राला एक नंबर दिला होता. घराला घर-नंबर असतो तसा. त्याशिवाय एकाचा निरोप दुसऱ्याला पोचत नाही. सगळ्या नोंदी पोटात घेऊन कोपऱ्यात घरघरणाऱ्या मोठ्या मशीनला त्याने एक नंबर दिला आणि मग फाटकापासून आत येत गेला. फाटकावरच्या केरूला दोन, प्रिंटरला तीन, विमलाबाईंना चार आणि सगळ्यांत आत बसणाऱ्या खंडेरावांना पाच.

"तुमचा नंबर आहे साहेब," वाल्मीक म्हणाला.

"आणि केरूचा?"

"दोन."

"केरू फाटक उघडतो. मग लावतो. मी इथं सव्वीस वर्षं आहे. बरं, एक नंबर कोणाला?"

"त्या कोपऱ्यातल्या मशीनला."

"तिथं कोण बसतं?"

"कोणीच नाही. ते आपलं आपण चालतं."

खंडेरावांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे जिथं माणूसच नाही, तिथं एक नंबर. आणि जिथं मी आहे, तिथं पाच."

वाल्मीक हा मुळात खतांच्या गोदामाचा कारकून. तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आल्यामुळे संघाने त्याला नेटवर्कप्रमुख केलं होतं. त्याच्याकडे स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता, त्यामुळे इतरांच्या कॉम्प्युटरकडे पाहायला त्याला भरपूर वेळ असे. शिबिरात त्याला एकच गोष्ट नीट समजली होती, ती म्हणजे नंबर बदलायचा कसा. का बदलायचा नाही, हे चौथ्या दिवशी सांगणार असावेत.

शिवाय त्या दिवशी खंडेरावांना दुखवणं त्याला परवडणारं नव्हतं. त्याच्या सासूबाई, गिरणाऱ्याच्या लंकाबाई, झेंडूची गाडी घेऊन यायच्या होत्या. गाडी साडेअकराच्या आत निघाली तरच संध्याकाळी मुंबईचा बाजार गाठणार होती. दसरा उलटल्यावर झेंडूला गायसुद्धा हुंगत नाही. आणि गाडी फाटकाबाहेर काढायला लागणाऱ्या पासावर सही असते खंडेरावांची.

"दोन मिनिटांचं काम आहे साहेब," वाल्मीक म्हणाला. "तुम्हाला एक नंबर देऊन टाकतो."

"मला एकट्याला नको. उद्या लोक म्हणतील, खंडेरावांनी वशिला लावला. रीतसर करू." त्यांनी कपाटातून सेवाज्येष्ठता यादी काढली आणि टेबलावर पसरली.

यादीप्रमाणे खंडेराव एक झाले. केरूला चौदा वर्षं झाली होती, म्हणून तो दोनवरच राहिला. पुढे अडलं. विमलाबाई हरसूलच्या केंद्रातून बदलून आल्या होत्या आणि ज्या टेम्पोतून त्या आल्या, त्याच टेम्पोतून प्रिंटर आला होता.

"एकाच दिवशी रुजू," खंडेराव यादीवरून बोट फिरवत म्हणाले. "आता वरचा कोण?"

"म्हणजे काय?" विमलाबाई म्हणाल्या. "मी टेम्पोत पुढं बसले होते. तो मागं, ताडपत्रीखाली."

"तारीख एकच आहे ना बाई? कागद बसायची जागा बघत नाही, तारीख बघतो. वाल्मीक, दोघांनाही तीन दे. सहकारी संस्था आहे, कोणावर अन्याय नको."

वाल्मीकने दोघांना तीन नंबर दिला. उरलं मोठं मशीन. ते सगळ्यांत शेवटी आलं होतं, त्याला चार. खंडेरावांनी नव्या यादीखाली सही केली, शिक्का मारला, आणि सव्वीस वर्षांची एक सल काढून टाकल्यासारखे पाठ टेकून बसले.

साडेदहाला गाडी आली. केरूने तिचा नंबर बडवला आणि पासाचं बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत एक वाक्य उमटलं. केरूने ते एकेक अक्षर लावून वाचलं आणि आत येऊन सांगितलं, "एक नंबर वळख देत नाय म्हणतंय."

सगळ्यांनी खंडेरावांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? मी कोणाला नाही म्हटलंय?"

केरूने पुन्हा बटण दाबलं. मग आणखी जोरात दाबलं. तेवढ्यात विमलाबाईंच्या पडद्यावर एक पाटी आली, की या नंबरचं दुसरं कोणीतरी इथं आहे. विमलाबाईंनी प्रिंटरकडे असं पाहिलं, की तो माणूस असता तर उठून बाहेर गेला असता.

वाल्मीक टेबलांखाली शिरला. त्याने वायरी काढल्या, फुंकल्या, लावल्या. सगळ्या यंत्रांना झोपवून पुन्हा उठवलं, आधी धाकट्यापासून, मग थोरल्यापासून. मध्येच त्याला वाटलं, दोष विजेचा आहे. मग वाटलं, केरूच्या बोटाचा आहे. नंबरांची शंका त्याला येणं शक्यच नव्हतं. शिक्का मारलेल्या कागदात चूक कशी असेल?

सव्वाअकराला लंकाबाई स्वतः आत आल्या. पदर खोचलेला, हात झेंडूने पिवळे. टेबलाखालून बाहेर आलेले दोन तळवे त्यांनी ओळखले.

"जावईबापू, तितं काय हरवलं का तुमचं?"

"नाही मामी, जरा बिघाड आहे. होतंय, होतंय."

"होऊ द्या. झेंडू बी होतंय, मऊ. हातानं लिवून द्या की कागद."

"हाताचा पास चालत नाही," खंडेराव म्हणाले. "ठराव आहे."

"कुनी केला?"

"मीच मांडला होता."

लंकाबाईंनी एक स्टूल ओढलं आणि जावयाच्या तळव्यांसमोर बसल्या. "लेकीला इचारलं व्हतं मी, त्यांना काय येतं. ती म्हनली, समदं हापिस त्यांच्यावर चालतं. मंग आज का बसलंय?"

वाल्मीकने टेबलाखालूनच महेशला फोन लावला. महेश त्र्यंबकेश्वरला एका लॉजमध्ये वायरी ओढत होता. वाल्मीकने यादी वाचून दाखवल्यावर महेशने ती पुन्हा एकदा वाचायला लावली, शिक्क्यासकट.

"वाल्मीकभाऊ," मग महेश म्हणाला, "सगळे कॉम्प्युटर पास मागायला एक नंबरच्या दारात जातात. तिथं आता तुमचे साहेब बसलेत. साहेबांच्या मशीनमध्ये काय आहे?"

"पत्त्यांचा खेळ."

"मग मोठ्या मशीनला एक नंबर परत द्या. आणि दोघांना एकच नंबर देऊ नका. बाकी काय हवं ते करा."

वाल्मीकने बाहेर येऊन हे सांगितलं, तेव्हा खंडेरावांचा चेहरा पडला. "सही झाली आहे. खाली यायचं तर चेअरमनसाहेबांचा लेखी आदेश लागेल."

"ते कुठंत?" लंकाबाईंनी विचारलं.

"मुलीकडे गेलेत. उद्या येतील."

अकरा पस्तीस झाले. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. लंकाबाई उठल्या, कोपऱ्यातल्या मशीनभोवती एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "रावसायेब, एक नंबर ह्या मशीनीला. बरं. पर हितं कुनी बसू नये असा बी ठराव हाय का?"

खंडेराव विचारात पडले. "तसा ठराव नाही."

"मंग तुमी बसा की हितं. एक नंबर सोडायचा कशाला?"

खंडेरावांनी यादी पुन्हा वाचली. तिच्यात नंबर होता, जागा नव्हती. ते उठले. केरूने खुर्ची उचलली, विमलाबाईंनी उशी घेतली, पाण्याचा तांब्या मागोमाग गेला. या गडबडीत वाल्मीकने एकेका यंत्रावर वाकून नंबर फिरवले, मोठ्या मशीनला एक, साहेबांच्या रिकाम्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला चार आणि प्रिंटरला पाच दिला, आणि सगळी यंत्रं पुन्हा सुरू व्हायची वाट पाहत घाम पुसत भिंतीशी उभा राहिला.

यंत्रांना जागं व्हायला चार मिनिटं लागतात. खंडेरावांना उशी सरकवून, उपरणं सारखं करून नव्या जागी बसायलाही तेवढीच लागली. ते बसले, मशीनच्या डोक्यावर त्यांनी पंजा ठेवला, आणि प्रिंटर खडखडला. खुर्ची ठेवून फाटकावर परतलेला केरू बटण दाबतच होता, त्यामुळे लंकाबाईंच्या गाडीचे सतरा पास निघाले. खंडेरावांनी सतराही पासांवर सह्या केल्या. गाडी पावणेबाराला सुटली. ड्रायव्हर म्हणाला, कसाऱ्याचा घाट मोकळा मिळाला तर पोचतो, आणि पोचला.

दसऱ्याच्या दिवशी लंकाबाई सोनं द्यायला लेकीकडे आल्या. माल चांगल्या भावाने गेला होता. वाल्मीकच्या हातात आपट्याची पानं ठेवत त्या म्हणाल्या, "जावईबापू, राग मानू नका. तुमी घंटाभर भुईवर लोळलात, काय झालं नाय. त्यो मानूस नुसता येऊन बसला आन कागद भायेर आला. चार दिस त्याच्या हाताखाली शिका. मी बोलले त्यास्नी, ते हो म्हनले."

वाल्मीक बायकोकडे पाहत राहिला. बायको पानं मोजत होती.

सोमवारी तो वही घेऊन कोपऱ्यात गेला. खंडेरावांनी त्याला स्टुलावर बसवलं, मशीनवर हात ठेवला आणि त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पाठ सरळ," मग ते म्हणाले. "हे पहिलं लिहून घे."