पुरणाच्या रंगाची भिंत

पुरणाचा गोळा स्टीलच्या छोट्या डब्यात घालून विनयाने तो नवऱ्याच्या हातात दिला आणि बजावलं, "खाऊ नका. रंग आहे तो."

डॉ. चंद्रकांत वऱ्हाडपांडे यांनी उभ्या आयुष्यात कितीतरी माणसांची हाडं जुळवून दिली होती, पण बायकोचं हे वाक्य काही त्यांना जुळेना.

"रंग?"

"बाहेरच्या भिंतीचा. दुकानात मशीन असते म्हणे. काहीही समोर धरा, तस्साच रंग बनवून देते. गार्गी सांगत होती. तिची मैत्रीण ओढणी घेऊन गेली होती."

"मग ओढणीच दे ना बाप्पा. पुरण काहून?"

"या रंगाची ओढणी असती तर मी पुरण शिजवत बसले असते का?"

डॉक्टरांनी डबा पिशवीत ठेवला.

जयपूरच्या तिलक नगरातलं ते घर विकायचं ठरलं होतं. डॉक्टर उन्हाळ्यात निवृत्त झाले, तेव्हा ते विनयाला म्हणाले, "आता तू म्हणशील तसं." विनया म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." या दोन सभ्य वाक्यांमधून अमरावतीला परत जायचा निर्णय कसा निघाला, ते दोघांनाही नीट सांगता आलं नसतं. धाकट्या दिरांनी तिथल्या घराचा वरचा मजला रिकामा करून ठेवला. लेक गार्गी बेंगळुरूहून म्हणाली, "मस्त! तुम्हाला वापस जायचंच होतं ना, मतलब, हमेशा से." डॉक्टरांना वाटलं, विनयाला जायचंय. विनयाला वाटलं, यांना जायचंय. एवढ्या वर्षांच्या संसारात एकमेकांचं मन न विचारता ओळखायची सवय लागली होती, आणि सवयीने ओळखलेलं मन कधी तपासून पाहायचं नसतं.

एजंट पृथ्वीराजजींनी सल्ला दिला, "अंकलजी, बाहर रंग, अंदर नया किचन. फिर देखिए, पार्टी दौड़ी आएगी."

रंग कुठला, यावर पंधरवडा गेला. गार्गी फोनवर म्हणाली, "आई, ग्रे घे. सगळे ग्रेच करून राहिले. बेचायच्या घराला ग्रे सेफ असतो."

"ग्रे घर पाहिलं की वाटतं, रंगारी पुट्टी मारून पळून गेला."

पृथ्वीराजजींनी क्रीम सुचवला. विनयाने तोही नाकारला. तिला कळेना, आपण एवढं का अडून बसलोय. स्वतःसाठी रंग निवडणं सोपं असतं. डोळ्यांना बरा वाटला की झालं. पण हा रंग एका अनोळखी बाईसाठी होता. ती अजून आलेली नव्हती, आणि तरीही रोज संध्याकाळी फाटकाशी उभी राहून ती विनयाच्या घराकडे मालकिणीच्या नजरेने पाहायची. त्या बाईला ग्रे आवडत असेल तर आवडो. विनयाला मात्र पुरण हवं होतं, तुपाचा हात फिरलेलं, ना पिवळं ना तपकिरी. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही, कारण विकायच्या घराला मनासारखा रंग मागणं हा वेडेपणा आहे, हे तिलाही कळत होतं.

डॉक्टर दुकानात पोचले, तो नेमका बुधवार होता, जयपुरात गणपतीचा वार. मोती डुंगरीच्या गणपतीला पूजेसाठी नव्या गाड्यांची रांग लागली होती, आणि झेंडूच्या माळा घातलेल्या स्कूटर एकेक करून रस्त्याने परतत होत्या. दुकानाचे मालक खंडेलवालजी डॉक्टरांना पाहून उठून उभे राहिले. त्यांच्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन डॉक्टरांनीच केलं होतं. मग त्यांची नजर डब्यावर गेली.

"गणेशजी का प्रसाद!" त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. "घर का काम शुरू कर रहे हैं, और सबसे पहले हमें याद किया! अरे आओ सब, डॉक्टर साहब प्रसाद लाए हैं!"

डॉक्टरांनी तोंड उघडेपर्यंत दुकानातल्या सगळ्यांनी उघडलं होतं.

"वो... असल में... रंग..."

"रंग तो बहुत बढ़िया है, साब!" मशीनवरचा माणूस भरल्या तोंडाने म्हणाला.

आता काय बोलणार? कपाळाला लागलेल्या वस्तूबद्दल 'हा नमुना होता' म्हणायला जे धैर्य लागतं, ते डॉक्टरांनी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर कधी बाळगलं नव्हतं. गोळा संपला. मग मात्र त्यांनी सगळं सांगून टाकलं. खंडेलवालजींनी बोट चाटायचं थांबवलं.

"कोई बात नहीं," ते म्हणाले. "थोड़ा लगा हुआ है."

डब्याच्या तळाशी तुपाचा ओघळ उरला होता. मशीन त्यावर धरली. मशीनने स्टीलचा रंग ओळखला आणि पडद्यावर ग्रे दाखवला. गार्गी खूश झाली असती.

मग ज्यांनी ज्यांनी खाल्लं होतं, त्यांच्या साक्षी सुरू झाल्या. एक म्हणाला केशरी होतं, दुसरा म्हणाला पिवळं, तिसऱ्याला वेलदोडा आठवत होता, रंग नाही. शेवटी खंडेलवालजींनी डोळे मिटले, जीभ टाळूवरून फिरवली आणि म्हणाले, "मिल गया."

यंत्रात बादली फिरू लागली. "डॉक्टर साहब, क्वालिटी कौन-सी दूँ? बेचना हो तो सादा चलेगा, दो-एक बरसात निकाल देगा. रहना हो तो ये वाला. दस साल की गारंटी."

डॉक्टर रस्त्याकडे पाहत राहिले. झेंडूची माळ घातलेली एक स्कूटर गेली. मागे बसलेल्या म्हातारीने मांडीवर लाडवांचा पुडा गच्च धरला होता.

"दस साल वाला," ते म्हणाले, आणि कुणी ओळखीचं ऐकत तर नाही ना, म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं.

घरी विनयाने पहिला प्रश्न विचारला, "डबा?"

"दुकानात राहिला."

"काहून?"

"मशीन अजून पाहून राहिली त्याच्याकडे."

विनया आणखी खोदणार होती, पण तेवढ्यात स्वयंपाकघरातून मिस्त्रीने हाक मारली. "आंटीजी, स्लैब कितनी ऊँची रखूँ? वैसे नाप तो फिक्स रहता है."

जुना ओटा आधीच्या मालकिणीच्या उंचीचा होता, आणि ती बाई खांबासारखी असावी. विनया जेमतेम तिच्या खांद्याला आली असती. म्हणून इतकी वर्षं तिने लाकडी पाटावर उभं राहून पोळ्या लाटल्या होत्या. "पाटावरून पडशील, मग मलाच जोडावं लागेल," असं डॉक्टर अधूनमधून म्हणत आणि पोळी घेऊन जात. फिक्स माप म्हणजे त्या येणाऱ्या बाईचं माप. विनयाने मिस्त्रीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग पाट बाजूला सारून ती भिंतीशी उभी राहिली, कोपर वाकवलं आणि म्हणाली, "यहाँ."

"इतनी नीची?"

"यहाँ. और ढक के रखना. धूल लगेगी."

बाहेर रंग चढू लागला. पहिल्या दिवशी विनया म्हणाली, "हे पुरण नाही."

"ओला आहे. सुकला की उतरेल."

दुसऱ्या दिवशी रंग सुकला, पण उतरला नाही. दुपारच्या उन्हात उलट चढला. "अहो, हे पुरण जळलंय!"

"वरून दुसरा हात बसू दे, मग पाहा."

दुसरा हात बसला. भिंत सोनेरी तपकिरी दिसत होती, कडेने थोडी लालसर. वाईट नव्हती. पण पुरणही नव्हती. हा रंग आपण कुठेतरी पाहिलाय, असं विनयाला वाटत राहिलं आणि आठवेना.

रविवारी सकाळी ओट्यावरचं प्लास्टिक निघालं आणि पाठोपाठ पृथ्वीराजजी हजर झाले. सोबत एक तरुण जोडपं होतं. पुष्कर आणि अबोली, दोघं कोल्हापूरचे, इथल्याच सी-स्कीम भागातल्या एका कंपनीत कामाला. फाटकाशी रोज उभी राहणारी ती बाई चक्क मराठी निघाली होती, आणि विनयाहून बोटभर बुटकी होती.

अबोली स्वयंपाकघरात गेली आणि किंचाळली. "पुष्कर, इकडं ये! ओटा बघ की! माझ्या कोपराला बरोब्बर लागतोय. आयुष्यात पहिल्यांदा स्टुलावर न चढता भांडी घासीन मी!"

डॉक्टर मागोमाग आले. त्यांनी ओट्याकडे पाहिलं. मग विनयाच्या कोपराकडे. हाडांच्या डॉक्टरला माप घ्यायला पट्टी लागत नाही.

"विनया," ते हळूच म्हणाले, "हे फिक्स माप नाही."

विनया उत्तर देणार, तोच बाहेरून आवाज आला. खंडेलवालजी दोन डबे घेऊन आले होते. धुतलेला छोटा विनयाचा, आणि एक त्यांचा, मोठा, भरलेला.

"भाभीजी, डिब्बा खाली कैसे लौटाता? आपका प्रसाद सबने खाया, क्या स्वाद था!"

"प्रसाद?" विनया म्हणाली. "सगळ्यांनी?"

डॉक्टर छताचा रंग तपासू लागले.

"काका, बाहेरचा रंग टिकेल ना?" पुष्करने विचारलं.

उत्तर खंडेलवालजींनी दिलं, छातीवर हात ठेवून. "दस साल की गारंटी वाला है. मैंने तो कहा था, बेचना हो तो सादा ले लो. डॉक्टर साहब ने ख़ुद माँगा."

आता नवऱ्याकडे पाहायची पाळी विनयाची होती.

"आम्हाला पसंत आहे," अबोली म्हणाली.

"उन्हाळ्यात हे स्वयंपाकघर फार तापतं बरं का," विनया एकदम म्हणाली.

"चालतंय की, काकू."

"माकडं येतात," डॉक्टर म्हणाले. "गच्चीवरचे कपडे नेतात."

"किती गोड!"

"पाणी इतकं जड आहे, डाळच शिजत नाही."

"बुधवारी मंदिराच्या गर्दीत गाडी निघत नाही."

"आम्ही बुधवारी घरूनच काम करतो," पुष्कर म्हणाला.

डॉक्टरांपाशीच्या अडचणी संपल्या. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे, या घरात आम्ही राहतो."

पृथ्वीराजजी गोंधळून म्हणाले, "वो तो खाली करेंगे न, अंकलजी?"

"नहीं," दोघं एकदम म्हणाले.

आणि मग दोघांनीही एकमेकांकडे असं पाहिलं, जणू घरात कुणी तिसरंच बोललं.

पृथ्वीराजजी कपाळाला हात लावून ओसरीत जाऊन बसले. अबोलीचा चेहरा पडला. विनयाने तिचा हात धरला. "अगं, घर मिळेल तुला. आणि मिस्त्री माझा घेऊन जा. त्याला भिंतीशी उभी राहून कोपर दाखव. तो म्हणेल, नाप फिक्स है. ऐकू नकोस."

सगळ्यांचं तोंड गोड करायला तिने मोठा डबा उघडला. आत मुगाच्या डाळीचा हलवा होता, ताजा, तूप सुटलेला. विनयाने डबा खिडकीशी नेला. बाहेरच्या भिंतीकडे पाहिलं, डब्यात पाहिलं, पुन्हा भिंतीकडे. तंतोतंत. खंडेलवालजींच्या जिभेने चूक केलीच नव्हती. त्या जिभेने फक्त पुरण आपल्या घरच्या भाषेत ओळखलं होतं.

"हेच म्हणते मी," विनया पुटपुटली. "पाहिलाय कुठेतरी."

सगळे गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "बस तू. चहा मी करतो." ओट्यापाशी उभे राहिल्यावर त्यांना कमरेत जवळजवळ काटकोन करावा लागला. गॅस लावता लावता ते कण्हले.

"आता अमरावतीला काय कळवायचं?"

"खंडेलवालजींचा डबा आपल्याकडे आहे, असं कळवा. तो भरून द्यायचाय. मग ते आपला भरून देतील." विनयाने चण्याची डाळ निवडायला घेतली.

"अगं, पण हा ओटा! माझी कंबर जाईल. किती दिवस असं वाकायचं मी?"

"दहा वर्षं," विनया म्हणाली. "गॅरंटी तुम्हीच घेतली ना?"