कोयनेलचा वाटा

साहेबांनी भिमाजीचा पाहणीचा आराखडा तिसऱ्यांदा परत केला. वडगावच्या दवाखान्यात तो हिवतापाचा हंगामी मदतनीस. कोयनेलच्या गोळीने हिवताप टळतो का, ही त्याची पाहणी पार पडली तर नोकरी राहणार, नाही तर पावसाळा सरताच घरी.

"सगळ्यांनाच औषध दिलंस, तर औषधाचा गुण कळणार कसा?" साहेब म्हणाले. "निम्म्यांना द्यायचं, निम्म्यांना नाही. ताप आलाच तर लगेच उपचार. पण तुलना हवी, भिमाजी!"

भिमाजीने रात्रीचा दिवस न करता, भर दुपारी बसून चौथा आराखडा लिहिला. कुरवंडे गावाच्या वरच्या आळीला रोज कोयनेलची गोळी, खालच्या आळीला नाही, दर बुधवारी ताप मोजायचा. सही मिळाली आणि त्याने कुरवंड्यातच मुक्काम ठोकला.

पहिल्या मोजणीत दोन्ही आळ्यांचा ताप सारखाच निघाला. भिमाजीने वरच्या आळीच्या म्हाताऱ्या बहिरूला गाठलं.

"आबा, गोळ्या गिळता न्हवं?"

"गिळतो की. अर्धी अर्धी."

"आन उरल्याली?"

"खालच्या आळीला. रानडुक्कर मारलं तरी वाटा खाली जातो, बाबा. सरकारचं एकट्यानं खाल्लं तर भावकी तोंडात शेण घालंल."

मग भिमाजी रोज घरोघर उभा राहून गोळी गिळायला लावू लागला. बहिरूच्या घरात सात तोंडं. तो सात मोजायचा आणि पुढं जायचा. एका बुधवारी मात्र सातवं तोंड ओळखीचं वाटलं. ती खालच्या आळीची बायडाबाई होती.

"मावशी, तुमी हितं कशा?"

"आज आमची पाळी. गुरं राखायची पाळी आसती, तशी. बहिरूची सून खाली आमच्या घरात बसलीया, तुजी तुलना व्हायला."

"आवं, पर बिनगोळीची कोरडी मानसं कुनीतरी ठेवा की!"

"आमीच का कोरडं ऱ्हायाचं? आमी काय सावत्र हाय?"

भिमाजीने तिच्या हातावरही गोळी ठेवली. सगळं गाव गोळ्या खाऊन ठणठणीत झालं.

महिन्याने साहेब आले, तेव्हा भिमाजी घोंगडीत कुडकुडत पडला होता. साहेबांनी उशाजवळची वही उघडली. 'औषध न घेतलेले: एक. पैकी ताप आलेले: एक.'

"हा एक कोण?"

"मीच, साहेब. गोळ्यांची मोजदाद चुकू नये म्हनून एकबी तोंडात घातली न्हाई."

साहेबांनी कोयनेलची गोळी पुढं केली. भिमाजीने हात मागं घेतला.

"ही घेतली तर तुलनेला कुनीच उरत न्हाई, साहेब."

"गीळ आधी," साहेब म्हणाले. "पुढच्या साली पाहणी पुन्हा करायची आहे. या गावात यायला दुसरा कुणी तयार होणार नाही."